छापल्याप्रमाणे

भाऊजी: वहिनी, सिरीजचा बल्ब कुठे गेला? होल्डर रिकामा दिसतोय.

वहिनी: काढून ठेवलाय.

भाऊजी: उडाला का?

वहिनी: काढून ठेवला म्हटलं ना. आज नकोय मला तो.

भाऊजी: अगं, तूच रोज माझं डोकं खातेस. जुनं मशीन पहिल्यांदा लावायचं तर बल्बातून लावायचं, आत शॉर्ट असला तर बल्ब पेटतो आणि मशीन वाचतं. मागे एकदा विसरलो तर दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. आणि हे धूड कोणाचं? एवढा जुना कॉम्प्युटर आपल्याकडे कधी आला नव्हता.

वहिनी: बसा आधी. उन्हातून आलात, पाणी प्या.

भाऊजी: पाणी राहू दे. हा पितळी बिल्ला... 'जलमापन कार्यालय, यंत्र क्रमांक एक.' वहिनी, हे दादाच्या ऑफिसातलं आहे.

वहिनी: वाचलंत ना? आता तरी बसा.

भाऊजी: ते फुटलेलं?

वहिनी: तेच. ज्याच्यापायी तुमच्या दादांना घरी बसवलं, तेच हे रत्न.

भाऊजी: ते तर भंगारात गेलं होतं. चौकशी समितीलासुद्धा बघायला मिळालं नव्हतं.

वहिनी: भंगारात गेलं असं साहेबानं लिहून दिलं होतं. गेलं होतं त्याच्या घरी. एकतीस वर्षं त्याच्या माळ्यावर चादर पांघरून पडलं होतं. सोमवारी आला घेऊन. पुढे ड्रायव्हर हे उचलून, मागे हा काठी टेकत. ह्या असल्या मशीनला हात लावणारं दुसरं दुकान उरलेलं नाही ना आता. नाहीतर कशाला चढला असता आपली पायरी?

भाऊजी: तुला ओळखलं नाही त्यानं?

वहिनी: ओळखायला आधी माणसाकडे बघावं लागतं. तेव्हा तरी कुठे बघितलं होतं? त्याच्या फाटकाशी दीड तास उभी होते मी, हातात ह्यांच्या अर्जाची फाइल. तो व्हरांड्यात पेपर वाचत बसलेला. पान उलटायचा, पण मान वर नाही. शेवटी बायको बाहेर आली आणि म्हणाली, साहेब कामात आहेत. सोमवारीही तसंच. बिल्ल्यावरून हात फिरवत मला म्हणतो, 'बाई, कोणी पुरुष मेकॅनिक असेल तर त्याला दाखवा.'

भाऊजी: मग तू काय म्हणालीस?

वहिनी: म्हटलं, दीर आहेत, बाहेरच्या कामावर गेलेत. पावती घेऊन जा. गेला मुकाट.

भाऊजी: आज गुरुवार. चार दिवस मला एका शब्दानं बोलली नाहीस.

वहिनी: तुमच्या पोटात काही राहतं का? वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना संध्याकाळच्या आत कळलं असतं.

भाऊजी: बरं, पण त्याला आत्ताच कुठून आठवण झाली ह्याची?

वहिनी: येत्या रविवारी त्यांच्या नव्या इमारतीत जुन्या यंत्रांचं दालन उघडतंय. मधोमध हे ठेवणार, काचेच्या पेटीत. साहेबांच्या हस्ते बटण दाबणार, हिरवी अक्षरं उमटणार, लोक टाळ्या वाजवणार. 'ह्या कार्यालयात कॉम्प्युटर मी आणला' हे भाषण त्यानं मला इथे उभ्या उभ्या ऐकवलं. अर्धं तर मला पाठ झालंय.

भाऊजी: आणि तुझ्या मनात काय आहे? बल्ब उगाच नाही काढलास तू.

वहिनी: माझ्या मनात काय असणार? त्याला चालू करून हवंय, देते करून. दाबेल रविवारी बटण. थोडा वेळ छान चालेल. मग भाषण रंगात आलं की आतून फाटकन आवाज येईल. धूर. कुजक्या माशासारखा तो वास. शालीवर, चष्म्यावर, त्या भाषणाच्या कागदावर.

भाऊजी: कंडेन्सर उलटा बसवणार आहेस तू, म्हणजे तापून फुटेल.

वहिनी: मुद्दाम.

भाऊजी: डोकं ठिकाणावर आहे ना? असल्या कार्यक्रमाला शाळेची मुलं आणून पहिल्या रांगेत बसवतात. एखाद्याच्या डोळ्यात गेलं तर?

वहिनी: मुलांना मागे बसवायला सांगेन.

भाऊजी: कोणाला सांगशील? काय म्हणून सांगशील? आणि दुसरं ऐक. धूर निघाला की लोक काय म्हणतील? साहेबाचं काय जातंय, तो हळहळेल आणि घरी जाईल. लोक म्हणतील, ह्या घरातल्या माणसांनी पुन्हा कंडेन्सर उलटा बसवला. एकदा नवऱ्यानं, एकदा बायकोनं. दादावर शिक्कामोर्तब करशील तू स्वतःच्या हातानं.

वहिनी: हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. चार दिवस डोक्यात नुसता तो फाटकन आवाज आहे.

भाऊजी: म्हणून म्हणतो, नीट दुरुस्त कर, देऊन टाक आणि तोंड बघू नकोस त्याचं पुन्हा. आणि वहिनी, एक बोलू? रागावू नकोस.

वहिनी: रागावण्यासारखंच असणार. बोला.

भाऊजी: दादाही माणूसच होता. एकट्यानं अकरा मशीनं सांभाळायचा. समितीनं बाकीची दहा उघडली तेव्हा प्रत्येकात तो एक कंडेन्सर छापलेल्या खुणेच्या उलटा होता. प्रत्येकात, वहिनी. अधिकची बाजू उण्याकडे. मी तेव्हा परगावी होतो, पण कागद वाचलाय मी तो. हात चुकतो माणसाचा.

वहिनी: एकतीस वर्षं तुम्ही हे मनात ठेवलंत?

भाऊजी: तुला कशाला दुखवायचं म्हणून.

वहिनी: आणि मी म्हणते तुमच्या पोटात काही राहत नाही. धन्य आहे. ह्याच टेबलाला तुम्ही त्यांच्या शेजारी पंचवीस वर्षं बसलात.

भाऊजी: बसलो म्हणूनच म्हणतो. शेवटी शेवटी तो साध्या रेडिओतला कंडेन्सरसुद्धा सहा-सहा वेळा तपासायचा. ज्याचा हात कधी चुकला नाही तो असं करतो का?

वहिनी: इकडे या. ते भिंग घ्या हातात. हा पॉवर सप्लायचा बोर्ड. मोजा कंडेन्सर.

भाऊजी: सात.

वहिनी: सहांच्या टोप्या फुगल्यात, बुडातून पाणी सुटलंय. ते वयानं गेले, त्यांचं काही नाही. हा सातवा बघा.

भाऊजी: हा पार फाटलाय. हा जुना घाव आहे, वरची काजळीसुद्धा सुकून गेलीय. हाच का तो?

वहिनी: हाच तो. कसा बसलाय सांगा. छापल्याप्रमाणे की उलटा?

भाऊजी: थांब, काजळी पुसू दे. अधिकची खूण इकडे... कंडेन्सरची अधिक बाजूही इकडेच. छापल्याप्रमाणे आहे. वहिनी, हा तर सरळ आहे.

वहिनी: सरळ आहे ना? मग फुटला कसा? दहा मशीनमध्ये उलटे होते ते धडधाकट राहिले आणि हा एकटा सरळ असून फुटला. आता मीटर घ्या. जिथे अधिक छापलंय तिथे एक टोक लावा. दुसरं त्या उणे बारा व्होल्टच्या तारेला, दोन्ही आतून जोडलेली असतील तर वाजेल.

भाऊजी: वाजतोय.

वहिनी: पुन्हा लावा. मी चार दिवसांत शंभर वेळा लावलाय.

भाऊजी: वाजतोय गं. म्हणजे जिथे अधिक छापलंय तिथे खरं तर उणं आहे. छापणाऱ्यानंच गाढवपणा केलाय.

वहिनी: कंपनीनंच. ती मशीनं आली तेव्हापासून महिना-पंधरा दिवसांत एक कंडेन्सर खायची. साहेबाला वाटायचं वीज खराब आहे. ह्यांनी शोधून काढलं. अकराच्या अकरा मशीनमध्ये तो एक कंडेन्सर छापल्याच्या विरुद्ध बसवला आणि साहेबाला तसा कागद लिहून दिला. साहेब म्हणाला, परदेशातल्या कंपनीला कळत नाही आणि तुला कळतं का? फिरव परत. हे नाही म्हणाले. तो कागद पुढे कोणाला सापडला नाही.

भाऊजी: दादानं मला हे सांगितलं होतं. मला वाटलं, सारवासारव करतोय.

वहिनी: आता शेवटचं बघा. फाटलेल्याच्या टोपीच्या काठावर काय आहे? भिंगातून.

भाऊजी: लाल ठिपका. आणि बोर्डावरही एक आहे, भोकाशेजारी. वहिनी, हे दादाचे ठिपके. तुझं नेलपॉलिश.

वहिनी: नवी कोरी बाटली होती माझी. ऑफिसात घेऊन गेले, मी चार दिवस तोंड फुगवून बसले होते. एक ठिपका बोर्डावर, एक कंडेन्सरवर. दोन ठिपके समोरासमोर आले की बसवलेला बरोबर. आता इथे कुठे आहेत ते?

भाऊजी: एक ह्या टोकाला. एक त्या टोकाला.

वहिनी: म्हणजे?

भाऊजी: म्हणजे दादानं बरोबर बसवला होता. नंतर कोणीतरी उपटून फिरवला. आणि हे सोल्डर बघ, गोळे गोळे लावलेत. हा हात दादाचा नाही, कुठल्याच मेकॅनिकचा नाही.

वहिनी: त्या खोलीची किल्ली दोघांकडेच असायची. एक ह्यांच्याकडे, एक साहेबाकडे. डोळे पुसा. बोर्डावर पाणी पडेल.

भाऊजी: मी त्याच्यावर संशय घेतला गं.

वहिनी: तुम्ही एकटेच नाही. मीही एकदा म्हटलंय. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं होतं, दुपारची वेळ. एकाएकी मला म्हणाले, 'मी खरंच उलटा बसवला असेन का गं? मला आता नीट आठवत नाही.' आणि मी कंटाळलेली, झोप नाही, काही नाही. म्हटलं, असेल झाली चूक, सोडा ना आता. त्यावर त्यांनी मान हलवली. म्हणाले, 'हो, असेल.' त्यानंतर तेरा दिवसांनी गेले. नोकरी गेली ते मी गिळलं होतं, भाऊजी. पण स्वतःच्या हातावरचा विश्वास काढून घेतला त्या मेल्या साहेबानं त्यांच्याकडून. आणि वर मी हो म्हटलं. हे मी कुठे फेडू? त्याच्याकडूनच वसूल करणार मी हे.

भाऊजी: मग रविवारपर्यंत कशाला थांबायचं? आज जाऊन त्याच्या दारात...

वहिनी: आता तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? जायचं कुठे नाही. चारला तोच येतोय, काम बघायला. त्याला इथे बसवते, ह्या खुर्चीवर, झाकण उघडं, तोंड मशीनवर. नवा कंडेन्सर छापल्याप्रमाणे बसवते, हल्लीचे उलटे बसले तर पाच मिनिटंही टिकत नाहीत, आणि बटण त्याला दाबायला लावते. मध्ये बल्ब नाही. इथे मुलं नाहीत, टाळ्या नाहीत. फक्त तो, आणि आपण दोघं.

भाऊजी: आणि त्यानं दाबलं तर?

वहिनी: तर उडू दे त्याच्या थोबाडावर.

भाऊजी: वहिनी, म्हातारा आहे. काठी टेकत येतो.

वहिनी: हे जगले असते तर तेही म्हातारे झाले असते. तुम्ही पुढे जा. शटर अर्धं ओढा, दुसरं गिऱ्हाईक आत येऊ देऊ नका. तोवर मी हे सात बसवून टाकते. तो फाटलेला मात्र जपून काढणार, काडेपेटीत ठेवणार.

(चारला पाच मिनिटं कमी. साहेब आले आहेत. मशीनचं झाकण उघडं आहे आणि बटण त्यांच्या खुर्चीसमोर.)

साहेब: झालं का? मला फार थांबता येणार नाही, आयोजकांकडे बैठक आहे. हे असं उघडं का ठेवलंय?

वहिनी: आतलं तुम्हाला दाखवायला. बसा साहेब. असे जवळ या.

साहेब: मला दाखवून काय उपयोग? चष्मा गाडीत राहिलाय. तुमचे ते मेकॅनिक?

भाऊजी: मी. पण काम वहिनीनं केलंय.

साहेब: असो. दोष काय निघाला?

वहिनी: कंडेन्सर. सहा म्हातारपणानं गेले होते. सातवा तेव्हाच फुटलेला होता. सातही नवे घातलेत.

साहेब: उत्तम. लावून दाखवा मग.

वहिनी: बटण तुम्ही दाबायचं. रविवारी तुम्हीच दाबणार ना? होऊन जाऊ दे रंगीत तालीम.

साहेब: बरं, बरं. हौस आहे तुम्हाला. हे बटण ना? ... तुम्ही एकदा चालवून बघितलं असेलच.

वहिनी: छे. पहिला मान तुमचा.

साहेब: नाही, पण तुमच्या व्यवसायात तो एक बल्ब वगैरे लावून आधी...

भाऊजी: आज नाहीये.

साहेब: आणि हा सातवा, तो कसा बसवलाय?

वहिनी: कसा म्हणजे?

साहेब: त्याला दिशा असते ना काहीतरी.

वहिनी: असते की. बोर्डावर छापलेली असते. आम्ही आपलं छापल्याप्रमाणे बसवलंय. परदेशातल्या कंपनीला कळत नाही आणि आम्हाला कळतं का? दाबा.

साहेब: थांबा जरा.

वहिनी: खुर्ची कशाला मागे घेताय? घाम आलाय तुम्हाला. भाऊजी, पंखा लावा साहेबांना.

साहेब: बाई, तो फिरवा.

वहिनी: काय फिरवू?

साहेब: तो सातवा. काढा आणि उलट बाजूनं बसवा.

वहिनी: का हो? छापलेलं चुकीचं आहे की काय?

साहेब: तांत्रिकदृष्ट्या त्या मॉडेलमध्ये छपाईचा एक दोष होता. तो नंतर निदर्शनास आला.

वहिनी: कोणाच्या?

साहेब: आमच्याकडे एक तंत्रज्ञ होता. त्याचं तसं म्हणणं होतं.

वहिनी: मग तो तर शहाणा निघाला. बढती दिली असेल तुम्ही त्याला. काय झालं पुढे त्याचं?

साहेब: तुम्ही कोण?

वहिनी: तुमच्या फाटकाशी दीड तास उभी होते ती.

साहेब: मला... खरंच आठवत नाही.

वहिनी: मला आठवतं. पेपरची आठ पानं वाचलीत तुम्ही. आता सांगा, कोणी फिरवला हा? भाऊजी, शटर खाली ओढा.

भाऊजी: ओढलंय.

साहेब: धमकी देताय का मला?

वहिनी: छे हो. दार उघडं आहे मागचं. जा. मशीन इथेच राहील, आणि ह्या काडेपेटीत जे आहे तेही इथेच राहील. तुमचा सातवा. त्याच्यावर आमच्या माणसाचा ठिपका आहे आणि बोर्डावर दुसरा. दोन्ही घेऊन मी रविवारी येईन, सगळ्यांना भिंगातून दाखवेन. नाहीतर बसा आणि सांगा.

साहेब: वरचे अधिकारी पाहणीला येणार होते. एखाद्यानं आत बघितलं असतं, छापील खुणेच्या विरुद्ध दिसलं असतं, तर जबाबदारी माझी होती. आदल्या सुट्टीच्या दिवशी मी ऑफिसात गेलो. तंत्रज्ञाला सांगून झालं होतं, तो ऐकत नव्हता. म्हणून मग तो फिरवण्यात आला.

वहिनी: फिरवण्यात आला म्हणे. कोणी?

साहेब: मी. मी फिरवला. फक्त एक नंबरमधला. बाकी दहा करायला वेळ झाला नाही.

भाऊजी: आणि त्याच दहा मशीनांवर दादाला दोषी ठरवलंत.

साहेब: नवव्या दिवशी हे फुटलं. नदीच्या पातळीच्या अकरा वर्षांच्या नोंदी गेल्या. वरून एकसारखे फोन. माझी बढती तोंडावर आली होती.

वहिनी: फुटलं तेव्हाच कळलं होतं तुम्हाला?

साहेब: त्याच क्षणी.

वहिनी: मग समितीपुढे जाऊन बसलात, आणि तोंडातून ब्र काढला नाहीत.

साहेब: एकदा कागद वर गेला की मागे घेता येत नाही, बाई. तुम्हाला ऑफिसं माहीत नाहीत. मशीन भंगारात दिलं असतं तर कोणीतरी उघडलं असतं, म्हणून घरी नेलं. पुढे विसरलोही. खरंच विसरलो होतो, आत्ता ह्या बटणावर बोट ठेवेपर्यंत. तो कुठे असतो हल्ली? मी भेटतो त्याला. त्याच्यासमोर बोलतो.

वहिनी: सहा वर्षं झाली त्यांना जाऊन.

साहेब: मला माफ करा.

वहिनी: नाही करणार.

साहेब: बाई, मी हात जोडतो.

वहिनी: जोडा नाहीतर सोडा. माफ करायला मी इथे बसलेली नाही. पेन घ्या. हे आमच्या दुकानाचं कार्ड आहे. प्रत्येक दुरुस्त मशीनला बांधतो आम्ही. दोष काय, कोणामुळे, दुरुस्ती काय. लिहा.

साहेब: चष्मा नाहीये.

भाऊजी: शटर ओढतानाच ड्रायव्हरकडून घेतलाय मी. हा घ्या.

वहिनी: लिहा. 'ह्या यंत्रातला कंडेन्सर योग्य दिशेनं बसवलेला होता. छापील खूण चुकीची होती.' झालं? पुढे.

साहेब: 'तो फिरवला गेल्यामुळे...'

वहिनी: खोडा ते. 'तो मी फिरवला, म्हणून यंत्र फुटलं. दोष मी दुसऱ्यावर ढकलला.' आता पुढे, कोणावर ते. लिहा.

साहेब: त्याचं पूर्ण नाव काय होतं?

भाऊजी: ऐकलंस, वहिनी? नावसुद्धा लक्षात नाही.

वहिनी: ऐकलं. साहेब, तिथे जागा सोडा. नाव मी लिहीन. तुमच्या अक्षरात नकोय मला ते. खाली सही करा. तारीख घाला, आजची.

साहेब: हे कार्ड तुम्ही काय करणार?

वहिनी: मशीनला बांधणार. काचेच्या पेटीत, बिल्ल्याच्या शेजारी, अक्षरं बाहेरून दिसतील असं. रविवारी मशीन आम्ही घेऊन येऊ. तुम्ही आधी हे मोठ्यानं वाचायचं, मग भाऊजी प्लग लावतील, मग तुम्ही बटण दाबायचं. भाषण नंतर करा हवं तेवढं.

साहेब: सगळे असतील तिथे. माझी मुलगी येणार आहे, जावई. माझं नाव राहणार नाही.

वहिनी: जाऊ दे. आमच्या माणसाचं एकतीस वर्षांपूर्वीच गेलंय.

साहेब: आणि मी रविवारी आलोच नाही तर?

वहिनी: मग मी वाचीन. मला तर तेच आवडेल. या आता. मागच्या दारानं जा, पायरी मोडकी आहे, बघून. पडाल, मग वाचायला कोण?

भाऊजी: ... गेला. गाडीत नुसता बसून राहिलाय. ड्रायव्हरला निघ म्हणून सांगतही नाहीये.

वहिनी: बसू दे. मी दीड तास उभी होते.

भाऊजी: बरं वाटलं का गं?

वहिनी: आत्ता कुठे वाटायला लागलंय. रविवारी पुरतं वाटेल. द्या ते पेन, नाव लिहू दे.

भाऊजी: लिही. तोवर मी सोल्डरिंग गन तापवतो. तो सातवा काढून फिरवायला हवा, नाहीतर कोणीतरी चुकून प्लग लावेल आणि...

वहिनी: राहू द्या. काही फिरवायचं नाही.

भाऊजी: म्हणजे? तू छापल्याप्रमाणे... थांब. हा ताजा ठिपका तू लावलास? हे दोन्ही तर समोरासमोर आहेत.

वहिनी: छापल्याप्रमाणेच बसवायला घेतला होता. हात वळेना. ज्यांनी हा हात धरून शिकवला त्यांच्या मशीनमध्ये चुकीचा बसवायचा? नाही जमलं मला.

भाऊजी: वहिनी, आणि त्यानं बटण दाबलं असतं तर?

वहिनी: तर चालू झालं असतं.